थिओडोर कूपर

थिओडोर कूपर (१२ जानेवारी, इ.स. १८३९ – २४ ऑगस्ट, इ.स. १९१९) हे अमेरिकन स्थापत्य अभियंता होते. लोखंडी व पोलादी रेल्वेपुलांच्या रचनेचे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक अग्रगण्य जाणकार म्हणून त्यांची ख्याती होती. रेल्वेपुलांवर येणाऱ्या भाराची गणना करण्यासाठी त्यांनी तयार केलेली 'कूपर भारश्रेणी' उत्तर अमेरिकेत आजही वापरात आहे. मिसिसिपी नदीवरील सेंट लुईस येथील ईड्स पुलाच्या उभारणीवर त्यांनी तरुणपणी देखरेख केली. कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीवरील क्यूबेक पुलाचे ते सल्लागार अभियंता होते. हा पूल २९ ऑगस्ट १९०७ रोजी उभारणी चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. पोलादी बांधकाम अर्धवट अवस्थेत असताना त्यातील घटकांवर व तात्पुरत्या आधारांवर येणारी प्रतिबले कशी तपासावीत, या प्रश्नाच्या इतिहासात कूपर यांचे नाव यशाच्या आणि अपयशाच्या अशा दोन्ही संदर्भांत घेतले जाते.

जन्म व शिक्षण

कूपर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील कूपर्स प्लेन्स या गावी झाला. ट्रॉय येथील रेन्सिलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट या संस्थेतून त्यांनी इ.स. १८५८ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या काळी अमेरिकेत अभियांत्रिकीचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्था मोजक्याच होत्या आणि बहुतेक पूल-बांधकाम करणारे लोक कामावरच शिकून तयार होत असत. त्यामुळे गणिताचा पाया पक्का असलेल्या पदवीधरांना रेल्वेच्या विस्ताराच्या त्या काळात मोठी मागणी होती. पदवीनंतर कूपर यांनी मॅसॅच्युसेट्समधील हूसॅक बोगद्याच्या कामावर साहाय्यक अभियंता म्हणून नोकरी केली.

नौदलातील सेवा

अमेरिकन यादवी युद्धाला तोंड फुटल्यावर कूपर इ.स. १८६१ मध्ये संघराज्याच्या नौदलात साहाय्यक अभियंता म्हणून दाखल झाले. युद्धकाळात त्यांनी 'चोकुरा' या तोफनौकेवर काम केले. पुढे काही काळ त्यांनी नौदल अकादमीत अध्यापनही केले. इ.स. १८७२ मध्ये त्यांनी नौदलाची सेवा सोडली. वाफेची इंजिने, बाष्पके आणि धातुकाम यांचा या वर्षांतील अनुभव त्यांना पुढे पोलादाची परीक्षा करताना उपयोगी पडला.

सेंट लुईस येथील पूल

नौदल सोडल्यावर लगेचच जेम्स बुकॅनन ईड्स यांनी कूपर यांना आपल्या कामावर घेतले. सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर ईड्स हे तीन कमानींचा पूल बांधत होते. मधली कमान ५२० फूट आणि बाजूच्या दोन्ही कमानी प्रत्येकी ५०२ फूट लांबीच्या होत्या. एवढ्या मोठ्या पुलात मुख्य घटकांसाठी पोलादाचा वापर ही तेव्हा नवीन गोष्ट होती. पोलादाचा दर्जा एकसारखा राहत नसे; म्हणून कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक भाग तपासून घेणे आवश्यक होते. कूपर यांची नेमणूक प्रथम याच निरीक्षणाच्या कामासाठी झाली. त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर उभारणीच्या देखरेखीसाठी त्यांना सेंट लुईसला पाठविण्यात आले.

कमानीचा पूल बांधताना एरवी नदीपात्रात परांची उभी करून तिच्या आधाराने कमान जुळवीत नेत असत. मिसिसिपीत हे शक्य नव्हते. नदी खोल व वेगवान होती, हिवाळ्यात बर्फ वाहून येई आणि जहाजांची वाहतूक बंद ठेवता येत नव्हती. ईड्स यांचे सहकारी हेन्री फ्लॅड यांनी यावर वेगळा उपाय सुचविला. नदीतील पायस्तंभांवर तात्पुरते मनोरे उभारायचे, त्यांच्या माथ्यावरून केबल घ्यायच्या आणि दोन्ही बाजूंनी पुढे सरकणारी अर्धी कमान या केबलांनी वरून ओढून धरायची, अशी ही पद्धत होती. कमानीचे दोन्ही भाग मध्यभागी जुळेपर्यंत संपूर्ण वजन या तात्पुरत्या आधारांवर असे.

अशा उभारणीत एक मूलभूत अडचण असते. पूर्ण झालेल्या कमानीत मुख्यतः दाब असतो आणि तिचे सर्व घटक त्या दाबासाठीच घडविलेले असतात. अर्धी कमान मात्र भिंतीतून बाहेर काढलेल्या तुळईसारखी वागते. तिच्या काही भागांत, ज्यांच्यासाठी तो भाग घडविलेलाच नाही, असे ताण निर्माण होतात. तापमानाचा परिणाम वेगळाच असतो. उन्हाने कमान प्रसरण पावते, थंडीने आकुंचन पावते आणि तिला धरणाऱ्या केबलांची लांबीही बदलते. सेंट लुईसला सप्टेंबर १८७३ मध्ये पहिली कमान जुळविताना नेमकी हीच अडचण आली. उष्म्यामुळे कमानीचे अर्धे भाग लांबले आणि मधला तुकडा बसेना. बर्फ लावून पोलाद थंड करण्याचा प्रयत्नही पुरेसा ठरला नाही. अखेर लांबी कमी-जास्त करता येईल असे, आटे असलेले खास जोडतुकडे वापरून कमान जुळविण्यात आली. अशा प्रसंगाची शक्यता गृहीत धरून ईड्स यांनी हे तुकडे आधीच तयार करवून घेतले होते.

जानेवारी १८७४ मध्ये कूपर यांना कमानीच्या पोलादी नळ्यांपैकी काही नळ्या फुटत असल्याचे आढळून आले. ईड्स त्या वेळी न्यू यॉर्कला होते. कूपर यांनी मध्यरात्री त्यांना तार केली. ईड्स यांनी हिशेब करून असा निष्कर्ष काढला, की कमान जुळून स्वतःचा भार पेलू लागली असतानाही तात्पुरत्या केबल तिला ओढून धरीत आहेत आणि त्या ओढीमुळेच नळ्यांवर अतिरिक्त ताण येत आहे. केबल सैल करण्याची सूचना त्यांनी तारेनेच दिली. ती अमलात येताच धोका टळला. आधार कमी पडल्याने बांधकाम मोडते हे सर्वज्ञात होते. नको तेव्हा राहिलेला आधारही बांधकाम मोडू शकतो, हे या प्रसंगातून दिसून आले.

याच कामावर असताना कूपर एकदा तोल जाऊन सुमारे ९० फूट उंचीवरून नदीत पडले आणि पोहून सुखरूप बाहेर आले, असे त्यांच्या चरित्रात नोंदविले जाते. ४ जुलै १८७४ रोजी पुलाचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. तोपर्यंत पोलादी पुलांच्या प्रत्यक्ष उभारणीचा अनुभव असलेले जे थोडे अभियंते अमेरिकेत होते, त्यांत कूपर यांची गणना होऊ लागली होती.

स्वतंत्र व्यवसाय व लेखन

सेंट लुईसनंतर कूपर यांनी डेलावेअर ब्रिज कंपनी आणि पिट्सबर्गची कीस्टोन ब्रिज कंपनी या पूल-बांधणी कंपन्यांत जबाबदारीच्या जागांवर काम केले. इ.स. १८७९ मध्ये त्यांनी न्यू यॉर्क शहरात सल्लागार अभियंता म्हणून स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. प्रॉव्हिडन्स येथील सीकॉन्क नदीवरील पूल, पिट्सबर्गमधील सिक्स्थ स्ट्रीट पूल आणि न्यू यॉर्कमधील हार्लेम नदीवरील सेकंड अ‍ॅव्हेन्यू पूल ही त्यांच्या या काळातील प्रमुख कामे होत.

इ.स. १८८४ मध्ये त्यांनी लोखंडी रेल्वेपुलांसाठीचे सर्वसाधारण विनिर्देश प्रसिद्ध केले. त्यापूर्वी प्रत्येक रेल्वे कंपनी व प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीने पूल घडवीत असे. धातूवर किती प्रतिबल येऊ द्यावे, जोड कसे असावेत, काम कसे तपासावे, यांबाबत एकवाक्यता नव्हती. कूपर यांच्या विनिर्देशांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि ते व्यवसायात प्रमाण मानले जाऊ लागले. पुलांसाठी पोलादाचा वापर या विषयावरील त्यांच्या निबंधाला अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेचे नॉर्मन पदक मिळाले. अमेरिकेतील रेल्वेपुलांच्या विकासाचा आढावा घेणारा त्यांचा इ.स. १८८९ मधील प्रबंधही महत्त्वाचा मानला जातो. इ.स. १८९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी हडसन नदीवरील नियोजित पुलाच्या गाळ्याची लांबी ठरविण्यासाठी पाच तज्ज्ञांचे मंडळ नेमले. त्यात कूपर यांचा समावेश होता.

कूपर भारश्रेणी

रेल्वेच्या इंजिनाची प्रत्येक चाकजोडी पुलावर स्वतंत्र भार टाकते. निरनिराळ्या इंजिनांच्या चाकांतील अंतरे व वजने वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येक पुलाचा हिशेब नव्याने करावा लागे. इ.स. १८९४ मध्ये कूपर यांनी यासाठी एक प्रमाणित आगगाडी कल्पिली. तीत एकापाठोपाठ एक जोडलेली दोन इंजिने आणि त्यांच्यामागे एकसमान भाराचे डबे धरलेले असतात. चाकांमधील अंतरे कायम ठेवून केवळ भाराचे प्रमाण बदलायचे, अशी ही रचना आहे. 'ई-४०' या श्रेणीत इंजिनाच्या प्रत्येक चालक आसावर ४०,००० पौंड आणि डब्यांचा भार दर फुटास ४,००० पौंड धरला जातो. 'ई-८०' मध्ये हेच आकडे दुप्पट होतात. इंजिने जड होत गेली तसा श्रेणीचा अंक वाढत गेला, परंतु गणनेची पद्धत तीच राहिली. उत्तर अमेरिकेतील रेल्वेपुलांच्या संकल्पनासाठी 'ई-८०' ही श्रेणी आजही आधारभूत आहे.

क्यूबेक पूल

क्यूबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पूल बांधण्यासाठी क्यूबेक ब्रिज कंपनीची स्थापना इ.स. १८८७ मध्ये झाली होती. निधीअभावी काम अनेक वर्षे रेंगाळले. कंपनीचे मुख्य अभियंता एडवर्ड होअर यांना मोठ्या गाळ्याच्या पुलाचा अनुभव नसल्याने कंपनीने कूपर यांचा सल्ला घेतला. आलेल्या निविदांची छाननी करून कूपर यांनी इ.स. १८९९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील फिनिक्स ब्रिज कंपनीच्या कँटिलिव्हर (बाहुधरन) पुलाच्या आराखड्याची शिफारस केली. मे १९०० मध्ये त्यांची सल्लागार अभियंता म्हणून रीतसर नियुक्ती झाली.

मूळ आराखड्यात मुख्य गाळा १,६०० फुटांचा होता. पायस्तंभ किनाऱ्याच्या जवळ, उथळ पाण्यात घेतल्यास त्यांचा खर्च व बर्फाचा धोका कमी होईल, म्हणून कूपर यांनी गाळा १,८०० फुटांपर्यंत वाढविला. यामुळे स्कॉटलंडमधील १,७१० फूट गाळ्याच्या फोर्थ पुलाला मागे टाकून हा जगातील सर्वांत मोठ्या गाळ्याचा पूल ठरणार होता. वाढीव लांबीमुळे पोलादाचे वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कूपर यांनी विनिर्देशांत बदल करून नेहमीपेक्षा अधिक, कमाल अवस्थेत दर चौरस इंचास २४,००० पौंडांपर्यंत प्रतिबल मान्य केले. कॅनडाच्या रेल्वे व कालवे खात्यातील अभियंता रॉबर्ट डग्लस यांनी या उच्च प्रतिबलांवर आक्षेप घेतला. खात्याने आराखड्यांच्या तपासणीसाठी स्वतंत्र अभियंता नेमण्याचा विचार केला, तेव्हा कूपर यांनी त्याला विरोध केला. इ.स. १९०३ च्या शासकीय आदेशानंतर तांत्रिक बाबींतील अंतिम अधिकार व्यवहारतः कूपर यांच्याच हाती राहिला. त्यांच्या निर्णयाची फेरतपासणी करणारे वर कोणीही उरले नाही.

कूपर तेव्हा साठी ओलांडलेले होते व त्यांची प्रकृती ठीक राहत नव्हती. पायस्तंभांचे काम चालू असताना त्यांनी जागेला तीनदा भेट दिली. त्यांपैकी शेवटची भेट मे १९०३ मधील होती. पोलादी सांगाडा उभा राहू लागल्यावर ते एकदाही क्यूबेकला गेले नाहीत. त्यांच्या वतीने नॉर्मन मॅक्लुअर हा तरुण अभियंता जागेवर निरीक्षक म्हणून राहत असे आणि न्यू यॉर्कला पत्राने माहिती कळवीत असे. मानधन इतके तुटपुंजे होते, की पुरेसे साहाय्यक ठेवणे कूपर यांना शक्य झाले नाही. कामातून मोकळे होण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. तथापि अखेरपर्यंत ते पदावर राहिले.

उभारणीची पद्धत

पुलाच्या प्रत्येक बाजूस ५०० फुटांची किनाऱ्याकडील नांगरबाहू आणि ५६२.५ फुटांची नदीवर झेपावणारी बाहू अशी रचना होती. दोन बाहूंच्या टोकांमध्ये ६७५ फुटांचा मधला गाळा टांगला जाणार होता. दक्षिणेकडील नांगरबाहू प्रथम पोलादी टेकूंच्या तात्पुरत्या सांगाड्यावर जुळविण्यात आली. तिच्यापुढची नदीवरील बाहू खालून कोणताही आधार न देता, एकेक खण जोडीत पुढे नेण्यात येत होती. पुढचे भाग उचलण्यासाठी पुलावरून सरकणारा अवजड क्रेन-सांगाडा वापरला जात असे.

नदीवरील बाहू जसजशी लांबत गेली, तसतसा नांगरबाहूच्या घटकांवरील भार वाढत गेला आणि टेकूंवरचा भार कमी होऊन तो पुलाने स्वतःकडे घेतला. या संक्रमणात सर्वाधिक दाब पायस्तंभाजवळच्या खालच्या घटकांवर येत होता. पूर्ण भार आल्यावर जोड घट्ट मिटावेत, म्हणून या घटकांच्या टोकांमध्ये सुरुवातीस अल्प फट ठेवली होती. तोपर्यंत ते बोल्टांनी धरलेले असत आणि रिव्हेट नंतर मारले जात. अशा अर्धवट जोडलेल्या अवस्थेत घटकाचे बळ पूर्ण जोडलेल्या घटकाइतके नसते. त्यामुळे उभारणीच्या प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष भार आणि घटकाची त्या क्षणाची क्षमता यांचा मेळ घालणे अत्यावश्यक होते.

खालचे दाबघटक प्रत्येकी चार उभ्या पोलादी फळ्यांचे बनविलेले होते. या चार फळ्या तिरप्या जोडपट्ट्यांनी एकमेकींना बांधल्या होत्या. लांबट घटकावर दाब आला, की तो चिरडण्याआधी बाजूला बाक घेऊन मोडू पाहतो. चारही फळ्यांनी एकसंध खांबाप्रमाणे वागावे यासाठी जोडपट्ट्या व त्यांचे रिव्हेट पुरेसे बळकट असावे लागतात. ते कमकुवत असतील, तर प्रत्येक फळी सुटी वागते आणि घटकाची ताकद झपाट्याने घटते. एवढ्या मोठ्या बांधीव खांबांची चाचणी तोपर्यंत कोणीही घेतलेली नव्हती. शिवाय पुलाला देखणेपण यावे म्हणून खालची कड किंचित वक्र ठेवली होती, त्यामुळे या घटकांवरील प्रतिबलांत भरच पडत होती.

वाढलेला स्वभार

गाळा १,८०० फुटांचा झाल्यावर पुलाचे स्वतःचे वजन नव्याने मोजून त्यानुसार सर्व प्रतिबले पुन्हा काढणे आवश्यक होते. ते केले गेले नाही. फिनिक्स कंपनीचे संकल्पन अभियंता पीटर स्लापका यांनी जुन्या अंदाजावरच घटकांचे हिशेब केले आणि कूपर यांनी ते मान्य केले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या पोलादाचे वजन अंदाजापेक्षा बरेच अधिक भरत असल्याचे इ.स. १९०६ च्या सुरुवातीस कूपर यांच्या निदर्शनास आले. तोवर दक्षिणेकडील नांगरबाहूचे बरेच भाग तयार होऊन जागेवर बसले होते. नव्या हिशेबाने प्रतिबले ७ ते १० टक्क्यांनी वाढत होती. मर्यादा आधीच उंच ठेवलेल्या असताना ही वाढ स्वीकारणे किंवा तयार झालेले काम मोडून नव्याने सुरू करणे, असे दोनच पर्याय उरले होते. कूपर यांनी वाढ सुरक्षित मर्यादेत असल्याचे ठरवून काम चालू ठेवू दिले.

ऑगस्ट १९०७

इ.स. १९०७ च्या उन्हाळ्यात मॅक्लुअर यांच्या पत्रांत खालच्या दाबघटकांचे जोड नीट जुळत नसल्याचे उल्लेख येऊ लागले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नदीवरील बाहूचे काही दाबघटक जोडाजवळ वाकल्याचे दिसले. हा बाक कशामुळे आला असावा, याची विचारणा कूपर यांनी तारेने व पत्रांनी केली. फिनिक्स कंपनीचे मुख्य अभियंता जॉन डीन्स यांचे म्हणणे, हा बाक कारखान्यातूनच आला असावा, असे होते. मॅक्लुअर यांना ते पटत नव्हते. बाक जुना की नवा, हा वाद तीन आठवडे पत्रव्यवहारात चालू राहिला आणि त्या काळात पुलावरील भार दररोज वाढत होता.

२७ ऑगस्ट रोजी मॅक्लुअर यांनी नांगरबाहूतील 'ए-९-एल' या ५७ फूट लांबीच्या दाबघटकाचे पुन्हा मोजमाप घेतले. सुमारे आठवड्यापूर्वी पाऊण इंच असलेला बाक सव्वादोन इंचांवर गेला होता. बाक वाढत होता, याचा अर्थ तो कारखान्यातला नव्हता. फिनिक्स कंपनीचे जागेवरील प्रमुख बेंजामिन येन्सर यांनी आधी काम थांबविण्याचे ठरविले, परंतु दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू केले. काम थांबविल्यास सर्वांच्या मनोधैर्यावर वाईट परिणाम होईल, असे होअर यांनाही वाटले. काम थांबविण्याचा निर्णय स्वतःच्या अधिकारात घेईल अशी व्यक्ती जागेवर कोणी नव्हती. मॅक्लुअर यांना न्यू यॉर्कला पाठविण्यात आले.

२९ ऑगस्ट रोजी दुपारच्या सुमारास मॅक्लुअर कूपर यांच्या कार्यालयात पोहोचले. परिस्थिती ऐकताच कूपर यांनी, सर्व बाबींचा विचार होईपर्यंत पुलावर आणखी भार चढवू नये, अशा आशयाची तार फिनिक्सव्हिल येथील कंपनीच्या मुख्यालयास केली. थेट क्यूबेकला तार केली गेली नाही. तेथून आदेश लवकर जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. तार दुपारी फिनिक्सव्हिलला पोहोचली. मात्र तीनुसार जागेवर काम थांबविण्यात आले नाही. सायंकाळी मॅक्लुअर तेथे पोहोचल्यावर झालेल्या बैठकीत निर्णय दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात आला.

बैठक संपण्याच्या सुमारास, सायंकाळी साडेपाचनंतर काही मिनिटांतच, दिवसाचे काम आटोपत असताना 'ए-९-एल' आणि त्याच्या समोरचा 'ए-९-आर' हे घटक मोडले आणि सुमारे १९,००० टन पोलाद १५ सेकंदांत नदीत कोसळले. त्या वेळी पुलावर असलेल्या ८६ जणांपैकी ७५ जण ठार झाले. मृतांपैकी ३३ कामगार मॉन्ट्रियलजवळील काह्नावाके येथील मोहॉक समाजाचे होते. उंचीवरच्या पोलादी कामात या समाजाच्या पुरुषांनी नाव मिळविले होते. एकाच दिवशी गावातील इतके कर्ते पुरुष गेल्यानंतर, गावच्या सर्व पुरुषांनी यापुढे एकाच कामावर जाऊ नये, असा आग्रह तेथील स्त्रियांनी धरला, असे सांगितले जाते. मृतांच्या कबरींवर पोलादी तुळयांचे क्रूस उभारण्यात आले.

चौकशी आयोग

कॅनडा सरकारने हेन्री होलगेट, जॉन केरी आणि प्राध्यापक जॉन गॅलब्रेथ या तीन अभियंत्यांचा शाही चौकशी आयोग नेमला. कूपर यांची साक्ष न्यू यॉर्क येथे घेण्यात आली. आयोगाने दाबघटकाची लहान आकारातील प्रतिकृती करून तिची दाबचाचणी घेतली; तीत जोडपट्ट्यांचे रिव्हेट तुटून घटक मोडल्याचे दिसून आले. आयोगाचा अहवाल इ.स. १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला.

पायस्तंभाजवळील नांगरबाहूच्या खालच्या दाबघटकांची रचना सदोष असल्यामुळे पूल कोसळला, असा निष्कर्ष आयोगाने काढला. या रचनेची जबाबदारी त्याने स्लापका व कूपर या दोघांवर ठेवली. त्यांच्या चुका व्यवसायातील सर्वसाधारण ज्ञानाच्या अभावातून, कर्तव्यातील हयगयीतून किंवा काटकसरीच्या हेतूने झालेल्या नसून निर्णयातील चुका होत्या, असेही आयोगाने नमूद केले. वाढलेल्या भाराचा हिशेब वेळेवर न करणे ही गंभीर चूक मानली गेली. तथापि दाबघटकांचा मूळ दोष इतका मोठा होता, की केवळ त्या दुरुस्तीने पूल वाचला नसता, असे आयोगाचे मत पडले. पोलादी दाबघटकांविषयी व्यवसायाचे एकूण ज्ञानच एवढ्या मोठ्या पुलासाठी अपुरे होते, याकडेही अहवालाने लक्ष वेधले.

कूपर यांच्या जबाबदारीबाबत नंतरच्या अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते अपुरे मानधन, अपुरे साहाय्यक आणि ढासळलेली प्रकृती यांमुळे त्यांच्यावर एका माणसाला न पेलणारे ओझे टाकले गेले. इतरांच्या मते स्वतंत्र तपासणीला त्यांनी केलेला विरोध हेच दुर्घटनेचे मूळ होते. ती झाली असती, तर स्वभाराची चूक कागदावरच सापडली असती.

अखेरची वर्षे

दुर्घटनेनंतर कूपर यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली. क्यूबेकचा नवा पूल अधिक जड व बळकट आराखड्यानुसार बांधण्यात आला. ११ सप्टेंबर १९१६ रोजी त्याचा मधला गाळा उचलताना उचलयंत्रणेच्या आधारातील एक ओतीव भाग तुटला, गाळा नदीत पडला आणि १३ कामगार दगावले. या वेळी पुलाच्या कायम बाहू शाबूत राहिल्या. दोष तात्पुरत्या आधारात होता. इ.स. १९१७ मध्ये दुसरा गाळा यशस्वीपणे बसविण्यात आला. २२ ऑगस्ट १९१९ रोजी पुलाचे औपचारिक उद्घाटन झाले आणि त्यानंतर दोन दिवसांनी, २४ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी कूपर यांचे निधन झाले. १,८०० फुटांचा हा कँटिलिव्हर गाळा आजही त्या प्रकारातील जगातील सर्वांत लांब गाळा आहे.

वारसा

क्यूबेकच्या दुर्घटनेनंतर बांधीव पोलादी दाबघटकांच्या मोठ्या प्रमाणावरील चाचण्यांना चालना मिळाली आणि जोडपट्ट्यांचे हिशेब अधिक काटेकोर झाले. पूल पूर्ण झाल्यावरची प्रतिबले काढणे पुरेसे नाही. उभारणीच्या प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्र हिशेब हवा, हे तत्त्व व्यवसायात रुजले. टेकू कोठे आहेत, कोणता जोड बोल्टांवर आहे व कोणता पक्का झाला आहे, क्रेन कोठे उभी आहे, वारा व तापमान काय आहे आणि घटक बाजूने कितपत बांधलेला आहे, या सर्व गोष्टी अशा हिशेबात धरल्या जातात. मोजलेला झुकाव हिशेबातील झुकावाशी ताडून पाहणे आणि तफावत वाढत असल्यास कारण सापडेपर्यंत काम थांबविणे, हा या तपासणीचा गाभा मानला जातो. ती करणारी व्यक्ती उभारणाऱ्या कंपनीपासून स्वतंत्र असावी आणि काम थांबविण्याचा अधिकार जागेवरच असावा, हे धडेही याच प्रकरणातून घेतले गेले.

कॅनडातील अभियंत्यांना पदवीच्या वेळी दिली जाणारी लोखंडी अंगठी कोसळलेल्या पुलाच्या पोलादापासून बनविली जाते, अशी समजूत प्रचलित आहे. ती खरी नाही. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी लिहिलेल्या शपथविधीसह ही प्रथा इ.स. १९२५ मध्ये सुरू झाली. तिचा उद्देश मात्र अभियंत्याला आपल्या निर्णयावर इतरांचे प्राण अवलंबून असतात याची आठवण देणे हाच आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत कूपर यांचा उल्लेख आज दोन ठिकाणी येतो : रेल्वेपुलांच्या भारगणनेत, जेथे त्यांची श्रेणी अजून उपयोगात आहे, आणि व्यावसायिक नीतीच्या पाठांत, जेथे क्यूबेकच्या पुलाचे उदाहरण शिकविले जाते.